वस्तीशेजारी प्लॅस्टिक पुनर्प्रक्रिया कारखाना येतोय? मोर्चाआधी करायची कामं

अशी बातमी पत्राने येत नाही. एका सकाळी गावाबाहेरच्या पडीक गटाला हिरव्या पत्र्याचं कुंपण पडलेलं दिसतं, जेसीबी मुरूम ओढत असतो आणि टपरीवर कोणीतरी सांगतं, “प्लॅस्टिकचा कारखाना येतोय म्हणे.” संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कॅन्सर, विषारी धूर, प्लॉटचे पडलेले भाव असं सगळं फिरून झालेलं असतं. दोन दिवसांत मोर्चाची तारीखही ठरते.

मोर्चाला माझी ना नाही. पण आमच्याकडे ही वेळ आली तेव्हा आम्ही आधी मोर्चा काढला आणि कागद मागाहून शोधले. तोवर स्थापनेची संमती, म्हणजे कारखाना उभारायची प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, निघून चार महिने झाले होते. घोषणा दणक्यात झाल्या, फोटो छापून आले, पण संमतीच्या विरोधात दाद मागायची मुदत मात्र आमच्या नकळत सरत होती. त्या चुकीतून शिकलेला क्रम इथे मांडतोय. तो महाराष्ट्रातल्या कायद्यांप्रमाणे आहे. गोव्यात पंचायत आणि नगरनियोजनाचे कायदे वेगळे, पण प्रदूषणाचे केंद्रीय कायदे तेच आणि हरित न्यायाधिकरणाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचं, पुण्याचं खंडपीठही तेच.

आधी ठरवा: नक्की काय नको?

पहिल्या बैठकीत हा प्रश्न टाळला तर पुढे तो प्रत्येक कार्यालयात समोर येतो. “मग तुमचा कचरा जायचा कुठे?” असं साहेब विचारतात आणि शिष्टमंडळ एकमेकांच्या तोंडाकडे बघतं. प्रश्न रास्त आहे. आपल्या घरातल्या दुधाच्या पिशव्या कोणीतरी वेचतं, कोणीतरी निवडतं, कुठेतरी त्या वितळवून नव्या वस्तूंसाठी त्यांचा दाणा होतो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये हे काम वर्षानुवर्षं दाटीवाटीत चाललंय आणि त्यावर हजारो चुली पेटतात. तेव्हा “प्लॅस्टिक कारखाना हटाव” या ओळीत तुमची बाजू लंगडी पडते. “या गटात, या विहिरींच्या वर, या शाळेच्या रस्त्यावर नको” या ओळीला पुराव्याचा टेकू देता येतो.

त्याच बैठकीत दुसरी गोष्टही ठरवा: जागा बदलणं अशक्य झालं तर कोणत्या अटींवर कारखाना सोसाल? हे बोलायला लोक तयार नसतात, फितुरी वाटते. तरी एका कागदावर लिहून ठेवा. पुढे हाच कागद उपयोगी पडतो.

कारखाना कोणत्या जातीचा?

“प्लॅस्टिक रिसायकलिंग” या एका नावाखाली चार निरनिराळे धंदे चालतात आणि प्रत्येकाचा त्रास वेगळा असतो. नुसतं निवडणं आणि गठ्ठे बांधणं असेल तर प्रश्न मुख्यतः वाहतूक, उंदीर आणि आगीचा. कटिंग मशीनवर तुकडे करून धुणं असेल तर प्रश्न पाण्याचा. एक्सट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक तापवून दाबाने बाहेर ढकलणाऱ्या यंत्रात, वितळवून दाणा पाडणं असेल तर वास आणि धूर आला. आणि बंद भट्टीत तापवून तेल काढणं असेल, म्हणजे पायरोलिसिस, तर तो वेगळाच मामला आहे. तिथे ज्वालाग्राही वायू आणि तेलाचा साठा येतो, त्याला दाण्याच्या कारखान्याचे निकष लावून चालत नाही.

कोणतं प्लॅस्टिक येणार, हेही तितकंच महत्त्वाचं. पॉलिथिन साधारण १०५ ते १३५ अंशांना मऊ होऊन वितळतं, पॉलिप्रॉपिलीन १६० च्या पुढे, पाण्याच्या बाटलीचं पेट २५० च्या आसपास. पीव्हीसीचं तसं नाही. ते जास्त तापलं की फुटतं आणि हायड्रोजन क्लोराइड सोडतं, जो ओलाव्याशी मिळून आम्ल होतो. मिश्र भंगारात पीव्हीसीचा पाइप किंवा वायरीचं आवरण शिरलं तर नाकाला झोंबणारा वास तिथूनच येतो. म्हणून अर्जात नुसतं ‘प्लॅस्टिक स्क्रॅप’ असं मोघम लिहिलेलं असेल तर तिथेच बोट ठेवा.

धुण्याच्या पाण्याबद्दल हाताशी ठेवावी अशी एक गोष्ट आहे. २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या एका नव्या, अद्ययावत पुनर्प्रक्रिया कारखान्याचं धुण्याचं पाणी तपासलं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे गाळणी नसेल तर येणाऱ्या प्लॅस्टिकपैकी १३ टक्क्यांपर्यंत माल सूक्ष्म कणांच्या रूपात पाण्यासोबत जाऊ शकतो. गाळणी बसवल्यावर हा आकडा ६ टक्क्यांवर आला. एकाच कारखान्याचा अभ्यास आहे, तो सगळ्यांना लावू नका. पण “पाणी पुन्हा वापरणार, काही सोडणार नाही” असं मालक म्हणाला की विचारा: गाळणी किती मायक्रॉनची, गाळ किती निघणार, तो कोण उचलणार?

आकडे स्वतः मांडा

अर्जातली क्षमता घ्या आणि वहीत गणित करा. समजा रोज २० टन भंगार येणार. सुटं प्लॅस्टिक वजनाला हलकं आणि आकाराला अवाढव्य, त्यामुळे टेम्पो वजनाने भरायच्या आधी उंचीने भरतो. टेम्पोमागे दोन टन धरले तर दहा गाड्या येणार आणि दहा परत जाणार, तयार मालाच्या वेगळ्या. शाळा सुटायच्या वेळी त्या रस्त्यावर काय होईल, हे सांगायला मग तज्ज्ञ लागत नाही. फक्त आजची मोजणी हवी. दोघांनी खुर्च्या टाकून तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वाहनं मोजावीत, तारीख-वेळ लिहून.

साठ्याचं गणित याहून महत्त्वाचं. रोज २० टन लागणारा कारखाना महिन्याचा माल ठेवणार असेल तर ६०० टन ज्वलनशील ढीग तुमच्या शेजारी येतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या रिचमंड शहरात ११ एप्रिल २०२३ रोजी प्लॅस्टिक साठवलेल्या अशाच जागेला आग लागली आणि सुमारे दोन हजार लोकांना घरं सोडावी लागली, ती काही दिवसांसाठी. ती जागा धोकादायक ठरवून साफ करायचे आदेश शहराने आधीच दिले होते. साफ कोणी केली नव्हती. आपल्याकडेही भंगाराच्या गोदामांच्या आगी पेपरला नव्या नाहीत. सगळे मशीनकडे बघतात, तुम्ही ढिगाकडे बघा: किती उंच, किती दिवसांचा, दोन ढिगांत अग्निशमनाचा बंब शिरेल एवढी वाट आहे का, पाण्याची टाकी किती लिटरची, जवळचं अग्निशमन केंद्र किती मिनिटांवर.

कागद कुठे मिळतात

सातबारा आणि फेरफार ऑनलाइन निघतात. जमीन कोणाच्या नावे, कधी बदलली, भाडेपट्टा आहे का, एवढं त्यातून कळतं. त्यानंतर नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. गट शेती विभागात आहे, रहिवासी विभागात की औद्योगिक, यावर अर्धी लढाई ठरते. गट एमआयडीसीच्या हद्दीत असेल तर झोनचा मुद्दा सोडून द्या, तिथे वेळ घालवू नका; अटींवर जोर द्या.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असतो. जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ खाली कारखान्याला आधी स्थापनेची संमती आणि पुढे चालवण्याची संमती घ्यावी लागते. शिवाय प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ खाली पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला वेगळी नोंदणी लागते. संमतीच्या अर्जात उत्पादन, पाण्याचा वापर, सांडपाणी, इंधन, चिमणी असं बरंच काही मालकाने स्वतः लिहून दिलेलं असतं. गावातल्या बैठकीत “पाणी लागतच नाही” म्हणणारा माणूस अर्जात किती हजार लिटर लिहितो, हे बघण्यासारखं असतं.

तो अर्ज माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये शुल्क, विषय एकच आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. ही शब्दमर्यादा ओलांडली म्हणून आमचा पहिला अर्ज परत आला होता आणि महिना फुकट गेला. मंडळाच्या उप-प्रादेशिक कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे असा मजकूर चालतो:

“मौजे ___, ता. ___ येथील गट क्र. ___ मधील प्रस्तावित प्लॅस्टिक प्रक्रिया उद्योगासंबंधी पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. (१) स्थापनेच्या संमतीचा अर्ज, सर्व जोडपत्रांसह. (२) क्षेत्र अधिकाऱ्यांचा स्थळपाहणी अहवाल. (३) या प्रस्तावावरील कार्यालयीन टिपणी. (४) संमती दिली वा नाकारली असल्यास त्या आदेशाची प्रत. (५) प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन नियमांखालील नोंदणीचा अर्ज व निर्णय. तसेच मूळ नस्ती पाहण्यासाठी दिनांक व वेळ कळवावी.”

शेवटचं वाक्य गाळू नका. नस्ती, म्हणजे कार्यालयातली फाइल, प्रत्यक्ष चाळायचा हक्क कायद्यात आहे आणि पहिल्या तासाला पैसे पडत नाहीत. प्रतींमध्ये न आलेला एखादा शेरा तिथे समासात सापडतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, शुल्क वीस रुपये. “व्यापारी गुपित” म्हणून नकार आला तर मोठ्या सार्वजनिक हितासाठी अशी माहिती देता येते, ही कलम ८ मधलीच तरतूद अपिलात मांडा.

जनसुनावणीची वाट बघू नका

इथे पुष्कळ गावं फसतात. मोठ्या धरणाला, सिमेंटच्या कारखान्याला जनसुनावणी होते, तशी इथेही होईल आणि तेव्हा बघून घेऊ, असं लोक धरून चालतात. धुऊन, वितळवून दाणा पाडणाऱ्या साध्या कारखान्याला २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेखालची सुनावणी सहसा लागतच नाही. त्याची संमती कार्यालयात बसून निघते. जल कायद्याच्या कलम २५ मध्ये तर अर्जावर चार महिन्यांत निर्णय झाला नाही तर संमती मिळाली असं धरण्याचीही तरतूद आहे. म्हणजे गप्प बसलेला दिवस मालकाच्या खात्यात जमा.

म्हणून लेखी हरकत लगेच द्या, अर्जाची प्रत हातात नसली तरी. प्रादेशिक अधिकारी आणि उप-प्रादेशिक अधिकारी यांना, प्रती जिल्हाधिकारी, तहसीलदार, नियोजन प्राधिकरण आणि ग्रामपंचायतीला. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. शंभर जणांनी एकच छापील पत्र देण्यापेक्षा दहा जणांनी आपापलं पत्र द्यावं: विहीरवाल्याने विहिरीचं अंतर लिहावं, शिक्षिकेने शाळेची वेळ आणि पटसंख्या, दम्याचं मूल असलेल्या आईने डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडावी, बागाईतदाराने ओढा कुठून कुठे वाहतो ते काढून दाखवावं.

ग्रामसभेचा ठराव

सुनावणी होत नसेल तर आपली सुनावणी आपण भरवायची, ती ग्रामसभेत. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. सभेच्या आधी महिलांची सभा होते, तिथेही विषय घ्या. पाण्याचा प्रश्न तिथे जास्त नेमका मांडला जातो, हा माझा अनुभव. विषयपत्रिकेत विषय आधी लेखी द्या. ‘ऐन वेळचे विषय’ यात घुसवलेला ठराव पुढे कोणीही उडवून लावतं.

ग्रामसभेच्या ठरावाने संमती आपोआप थांबत नाही, हे लोकांना आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर निराशा येते. ठरावाचा उपयोग नोंद म्हणून असतो. त्यामुळे “तीव्र निषेध” लिहून थांबू नका. “सदर गटापासून ___ मीटरवर गावाची नळपाणी विहीर आहे, ___ मीटरवर जिल्हा परिषद शाळा आहे, रस्त्याची रुंदी ___ मीटर आहे, या बाबींचा स्थळपाहणी अहवालात विचार झाला आहे काय याची लेखी माहिती मिळावी आणि तोपर्यंत संमती देऊ नये” असं लिहा. मालकालाही बोलवा. तो आला तर प्रश्न-उत्तरं इतिवृत्तात घ्या, नाही आला तर तेही घ्या.

शहराच्या हद्दीत ग्रामसभा नाही. तिथे सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांचे ठराव एकत्र करा आणि महापालिकेच्या आयुक्तांना किंवा नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना द्या.

आजची स्थिती नोंदवून ठेवा

कारखाना सुरू झाल्यावर विहिरीचं पाणी बिघडलं तर पहिला प्रश्न येतो, “आधी चांगलं होतं कशावरून?” याचं उत्तर आत्ताच तयार करायचं. पाच-सहा विहिरी आणि बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून अहवाल ठेवा: सामू, विरघळलेले क्षार, क्लोराइड, सीओडी (पाण्यातल्या घाणीचं एक माप). एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. रात्रीचा आवाज मोजा. रहिवासी भागात कायद्याची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मोबाइलचं अ‍ॅप पुरावा म्हणून लंगडं, पण रोजची नोंद म्हणून चालतं.

वाऱ्याची दिशाही लिहा. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात फिरून ईशान्येकडून, पूर्वेकडून. थंडीत पहाटे धूर वर न जाता जमिनीलगत साचतो. मे महिन्याच्या दुपारी अधिकारी येऊन “वास येत नाही” असा अहवाल देऊ शकतात आणि तो खोटाही नसतो. तपासणी पहाटे सहाला मागा.

आणि मालकाचा किंवा तशाच जातीचा चालू कारखाना बघून या. आतून मालक दाखवेल ते बघा, पण निघताना बाहेरच्या चहावाल्याकडे अर्धा तास बसा. रात्री भट्टी कधी चढते आणि टँकर कुठे रिकामा होतो, हे त्याला ठाऊक असतं.

दाद कुठे मागायची

मुद्द्याप्रमाणे दरवाजा वेगळा. झोनचं उल्लंघन किंवा विनापरवाना बांधकाम असेल तर नियोजन प्राधिकरणाकडे जा. प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम १९६६ खाली काम थांबवायचे, पाडायचे अधिकार त्यांना आहेत. तो मुद्दा हरित न्यायाधिकरणाच्या मूळ कक्षेत येत नाही. पाणी, हवा, संमतीच्या अटी हे विषय मात्र तिथे चालतात. न्यायाधिकरण कायदा २०१० च्या कलम १४ खाली कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. भरपाई मागितली नसेल तर शुल्क एक हजार रुपये. स्वतः उभं राहता येतं. पण एकदा तरी पर्यावरणाची कामं करणाऱ्या वकिलाला नस्ती दाखवा. कलम २० प्रमाणे न्यायाधिकरणाला सावधगिरीचं तत्त्व लावावं लागतं, त्यामुळे नुकसान होईपर्यंत थांबायची गरज नाही. कारखाना आधीच चालू आहे आणि उपद्रव रोजचा आहे, अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली प्रांत किंवा तहसीलदारांकडे उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश मागता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ ते हेच.

आंदोलन करायचं तर पोलिसांना आधी लेखी कळवा आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी लागू आहे का ते विचारा. गाड्या अडवू नका. एका गुन्ह्याने कमिटीतली निम्मी पोरं पासपोर्टच्या आणि नोकरीच्या काळजीने गळतात. ग्रुपवर “मालकाने अमुक साहेबांना इतके दिले” असले मेसेज टाकणाऱ्याला त्याच दिवशी थांबवा. बदनामीची नोटीस आली की सगळा वेळ तिच्यातच जातो.

अटींचा कागद

जागा बदलली नाही तर पहिल्या बैठकीतला तो कागद काढा आणि त्या अटी संमतीपत्रातच घालून घ्यायचा आग्रह धरा. मालकाने स्टॅम्प पेपरवर दिलेल्या आश्वासनापेक्षा संमतीपत्रातली एक ओळ भारी, कारण ती मोडली तर मंडळ कारवाई करू शकतं. साठ्याची कमाल मर्यादा टनांत. पीव्हीसी आणि वैद्यकीय कचऱ्याला मज्जाव. रात्री दहा ते सकाळी सहा कटिंग मशीन बंद. सांडपाण्याला आणि ताज्या पाण्याला वेगळे मीटर, आकडे दरमहा फाटकावर. उघड्यावर ढीग नाही, छपराखालीच. आणि कामगारांची नोंद, मास्क, विमा. ही अट आम्ही विसरलो होतो, आतल्या बायकांनीच आठवण करून दिली.

सुरू झाल्यावर दर तिमाहीला तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागत राहा. पर्यावरणाच्या नुकसानीची भरपाई न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ खाली पाच वर्षांपर्यंत मागता येते, म्हणून वास, धूर, मेलेले मासे यांची नोंदवही चालू हवी: तारीख, वेळ, वारा, कोणी पाहिलं. मूळ कागद सरपंचाच्या कपाटात ठेवू नका, निवडणुकीनंतर किल्ली कोणाकडे जाईल सांगता येत नाही. तीन संच करा: एक स्कॅन करून, एक शाळेत, आणि एक अशा माणसाकडे जो गाव सोडून जाणार नाही. आमच्याकडे तो पिठाच्या गिरणीत आहे.